साताऱ्याच्या गादीसाठी भांडलेली माणसं नुसती राजनिष्ठ नव्हती

रंगो बापूजी गुप्ते हे नाव बहुतेकांनी १८५७ च्या संदर्भातच ऐकलेलं असतं. इंग्रजांविरुद्धचा साताऱ्याचा कट फसला, मुलाला मारलं, ते स्वतः गायब झाले, संपलं. पण त्याच्या आधीची जवळपास चौदा वर्षं हा माणूस लंडनमध्ये होता, पदच्युत केलेल्या प्रतापसिंह महाराजांचा वकील म्हणून, आणि तिथे बसून त्याने ईस्ट इंडिया कंपनीला तिच्याच कागदांवरून जाब विचारला, ते आपल्याकडे एका ओळीत उरकलं जातं. माझं म्हणणं असं आहे की महत्त्वाची गोष्ट त्या चौदा वर्षांतच आहे, आणि ती नीट सांगितली नाही तर अख्खी चळवळ म्हणजे जुन्या राजाला परत गादीवर बसवायची धडपड एवढीच वाटते. तशी ती होतीच, मी नाकारत नाही. पण तेवढीच नव्हती.

आधी काय झालं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खूप लोकांना १८१८ ला पेशवाई बुडाली इथपर्यंत माहिती असतं आणि मग थेट १८४८ ला डलहौसीने सातारा खालसा केलं हे माहिती असतं, मधली तीस वर्षं कोरीच. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि दुसऱ्या बाजीरावाबरोबर फिरवले जाणारे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्यांना साताऱ्याला आणून गादीवर बसवलं, कारण कंपनीचा दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याला मराठी मुलुख शांत करायचा होता आणि त्यासाठी शिवाजी महाराजांच्या वंशातला छत्रपती गादीवर दिसणं उपयोगाचं होतं. २५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. नीरा-भीमेपासून कृष्णा-वारणेपर्यंत आणि पश्चिमेला सह्याद्री, एवढा मुलुख राजाला आणि त्याच्या वारसांना मिळाला, आणि बदल्यात राजाने बाहेरच्या कुठल्याही सत्तेशी किंवा सरदाराशी परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही असं पाचवं कलम घातलं गेलं. हे पाचवं कलम लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्याच्याभोवती आहे.

सुरुवातीला कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ कारभार बघत होता, १८२२ ला राजाच्या हाती पूर्ण कारभार आला. आणि प्रतापसिंहांनी राज्य चांगलं चालवलं, हे कंपनीचेच अधिकारी लिहून ठेवत होते. यवतेश्वरवरून शहराला पाणी, रस्ते, पाठशाळा, ग्रंथसंग्रह, रोज स्वतः दरबारात बसून कामं निकाली काढणं. महाबळेश्वर इंग्रजांना हवं झालं तर १८२९ ला तेही दिलं, बदल्यात वाईजवळचं खंडाळा घेतलं. १८३५ च्या सुमाराला लंडनच्या कोर्ट ऑफ डायरेक्टर्सने, म्हणजे कंपनीच्या संचालक मंडळाने, राजाच्या कारभारावर खूश होऊन त्यांना रत्नजडित तलवार द्यायचं ठरवलं आणि ती पाठवलीसुद्धा, पण मुंबई सरकारने ती राजाच्या हातात पडूच दिली नाही.

का नाही? कारण तोपर्यंत जहागिरींवरून भांडण लागलं होतं. अक्कलकोट, फलटण, औंध, भोर, जत या जहागिरींवर हक्क कुणाचा, राजाचा की कंपनीचा, यावर राजा तहाचा कागद हातात घेऊन वाद घालत होता, मुंबई सरकार टाळत होतं, आणि राजा वरपर्यंत म्हणजे लंडनपर्यंत जायची भाषा करू लागला. मुंबईच्या साहेबांना हा राजा जड व्हायला लागला तो इथे. प्रतापसिंहांनी बंड केलं म्हणून त्यांना काढलं असं मला कागद वाचून अजिबात वाटत नाही, त्यांनी लेखी वाद घातला, हिशोब मागितला, मुंबईच्या डोक्यावरून लंडनला दाद मागितली, ते सहन झालं नाही.

मग तहाचा, म्हणजे त्या पाचव्या कलमाचाही, भंग केल्याचे आरोप आले. २३ व्या पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवायचा प्रयत्न केला, गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयशी संधान बांधलं, नागपूरचा पदच्युत आप्पासाहेब भोसले याच्याशी पत्रव्यवहार केला. १८३६ ला गुप्त चौकशी बसली, त्यात मुंबई सरकारचा सचिव विलोबी, लष्करी अधिकारी ओव्हान्स आणि तेव्हाचा रेसिडेंट, म्हणजे साताऱ्यातला कंपनीचा प्रतिनिधी, लॉडविक होते. राजाला साक्षीपुराव्याच्या नकला दिल्या नाहीत, आरोपांना नीट उत्तर द्यायची संधी दिली नाही. पुढे ओव्हान्सच रेसिडेंट झाला आणि त्याने पैसे मोजून गोव्याच्या प्रकरणातले कागद मिळवले. तुरुंगात टाकलेल्या गोविंदराव दिवाणांच्या आईच्या, गिरजाबाईंच्या नावाने एक अर्ज पुढे आला होता ज्यात राजाच्या विरोधात मजकूर होता, तो आपण लिहिला असं नंतर कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने सांगितलं. असल्या पुराव्यावर एक राज्य गेलं.

तरीही राज्य वाचू शकलं असतं, आणि मला सगळ्यात जास्त भिडतं ते हे. १८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचा गव्हर्नर कार्नॅक स्वतः साताऱ्याला आला. त्याने राजासमोर ठेवलेला प्रस्ताव साधा होता, तहाचा भंग झाला असं कबूल करणाऱ्या कागदावर सही करा, गादी तुमचीच राहील. प्रतापसिंहांनी सही केली नाही. जे केलं नाही ते केलं म्हणून लिहून देणार नाही, राज्य गेलं तरी चालेल, अशी त्यांची भूमिका होती. आणि ५ सप्टेंबर १८३९ ला त्यांना राजवाड्यातून रातोरात उचलून लिंब गावी नेलं, भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवलं आणि प्रतापसिंहांना काशीला रवाना केलं. त्या प्रवासातच त्यांच्याबरोबर नेलेले बाळासाहेब सेनापती वारले. खोट्या कबुलीवर सही करून वैभवात राहण्यापेक्षा गादी सोडणारा राजा आपल्याकडे होऊन गेला आणि त्याची गोष्ट आपण पोरांना सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता या सहीच्या प्रसंगामुळे पुढच्या चळवळीचा अर्थ बदलतो. एरवी गादी गेलेल्या घराण्याची बाजू घेणारे लोक जगात खूप झालेत. खुद्द इंग्लंडमध्येच दुसरा जेम्स १६८८ ला पळाला, मग त्याच्या घराण्यासाठी १७१५ ला उठाव झाला, १७४५ ला झाला, १७४६ ला कलोडनच्या मैदानावर स्कॉटिश डोंगराळ भागातली माणसं कापली गेली. त्या लोकांचं म्हणणं रक्ताचं आणि धर्माचं होतं, खरा वारस आमचा, गादी त्याची. साताऱ्यात तसं बघायला गेलं तर गादीवर बसवलेला आप्पासाहेबसुद्धा त्याच घराण्यातला, सख्खा भाऊ, रक्ताचाच प्रश्न असता तर भांडायचं कारण काय होतं? प्रतापसिंहांच्या माणसांचं भांडण होतं चौकशीवरून. तुम्ही आमचं ऐकून घेतलं नाही, पुरावा दाखवला नाही, तह दोघांनी केलेला असताना एकट्याने मोडला, हे त्यांचं म्हणणं होतं. या म्हणण्याला राजा असायची गरजच नाही, ते कुठल्याही माणसाच्या बाजूने करता येतं, आणि म्हणूनच ते आजही जिवंत आहे असं मी म्हणतो.

ही माणसं कोण होती बघा. पदच्युतीच्या आधीच राजाचं गाऱ्हाणं घेऊन मीर अफजल अली वकील म्हणून लंडनला गेले होते. मग रंगो बापूजी गेले. शिवकाळातल्या दादाजी नरसप्रभू गुप्ते यांच्या घराण्यातला, रोहिडखोऱ्यातला माणूस, १८४० ला लंडनला पोचला तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं, ते तिथे शिकला. थंडी, परका देश, पैशाची कायमची ओढ, आणि समोर अशी कंपनी जी त्यांना राजाचा वकील म्हणून मानायलाच तयार नाही. म्हणजे दारातच अडवलेलं. त्यावर त्यांनी जो मार्ग काढला तो बघण्यासारखा आहे. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत भागधारकांना बोलता येतं ना, मग सातारा प्रकरण मांडायला तयार असतील असे भागधारक शोधायचे, त्यांच्या हाती कागद द्यायचे, सभेत प्रश्न लावून धरायचा. पार्लमेंटात जोसेफ ह्यूमसारखा सभासद शोधायचा. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतला गाजलेला वक्ता जॉर्ज थॉम्पसन राजाच्या बाजूने उभा राहिला, उटी वसवणारा जॉन सलिव्हन उभा राहिला, साताऱ्याला आधी रेसिडेंट असलेला ब्रिग्ज उभा राहिला. आणि ज्या लॉडविकने त्या गुप्त चौकशीत भाग घेतला होता तोच लॉडविक पुढे लंडनमध्ये राजाची बाजू घेऊन बोलला. चौकशी करणाऱ्यांतलाच एकजण उलटा फिरतो यापेक्षा मोठी साक्ष काय पाहिजे. जोडीला पत्रकं छापली, पार्लमेंटला आणि इंग्लंडच्या जनतेला आवाहनं काढली, कागदपत्रांचे गठ्ठे छापून वाटले. आज ज्याला आपण कॅम्पेन म्हणतो ते सगळं, १८४० च्या दशकात, एका मराठी माणसाने, परमुलखात, कर्ज काढून.

१४ ऑक्टोबर १८४७ ला प्रतापसिंह काशीला वारले. इथे कुणीही म्हटलं असतं की आता काय, ज्याच्यासाठी भांडत होतो तोच गेला. रंगो बापूजी थांबले नाहीत, महाराजांच्या दत्तक मुलासाठी, शाहूसाठी, आणि मुळात निर्णयच चुकीचा होता हे सिद्ध करण्यासाठी लंडनमध्येच टिकून राहिले. पुढच्या वर्षी एप्रिल १८४८ ला आप्पासाहेब वारले, मरताना त्यांनी दत्तक घेतला, आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. संस्थान खालसा करायच्या त्याच्या धोरणातलं हे पहिलं मोठं प्रकरण. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याचंही मत राज्य चालू ठेवावं असं होतं, लंडनमध्ये काही डायरेक्टरांनी लेखी विरोध केला, तरी झालं ते झालं. म्हणजे भांडणाऱ्या भावाला भांडतो म्हणून काढलं आणि नऊ वर्षं मुकाट्याने ऐकणाऱ्या भावाचं राज्यही ठेवलं नाही. आप्पासाहेबांना मी दोष देत नाही, पण जे म्हणतात की प्रतापसिंहांनी जरा नमतं घेतलं असतं, सही केली असती तर सातारा वाचलं असतं, त्यांनी १८४८ कडे नीट बघावं. नमतं घेऊन दहा वर्षं मिळाली असती फार तर.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात, दोन्ही वजनदार आहेत आणि झटकून टाकण्यासारखे नाहीत. एक म्हणजे हा राजा इंग्रजांनीच बसवलेला, त्यांच्याच तहावर राज्य करणारा, त्याच्यासाठी भांडणं म्हणजे इंग्रजांकडेच न्याय मागणं, यात स्वातंत्र्याचं काय? खरं आहे, रंगो बापूजींनी त्या काळात इंग्रजी सत्ता उलथवा असं लंडनमध्ये म्हटलेलं नाही, ते इंग्रजांच्या न्यायबुद्धीलाच आवाहन करत होते. पण मला वाटतं आपण इथे मागून पुढचं ठरवतो. ज्याच्याकडे फौज उरलेली नाही त्याच्याकडे सही केलेला कागद तेवढा असतो, आणि सत्ताधाऱ्याला त्याच्याच शब्दात पकडणं हे त्या परिस्थितीतलं सगळ्यात धीट काम होतं. १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकर मुंबईच्या इंग्रजी पेपरात कंपनीच्या लुटीवर जळजळीत पत्रं लिहीत होते, १८५२ ला जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी वगैरेंनी बाँबे असोसिएशन काढली आणि पार्लमेंटला अर्ज केला, १८५५ ला दादाभाई लंडनला पोचले. सातारा प्रकरणाचे वकील या सगळ्याच्या मधे किंवा आधी लंडनमध्ये तेच काम करत होते. मग आपल्या राजकीय चळवळीचा इतिहास सांगताना त्यांना बाहेर का ठेवायचं, ते एका राजासाठी भांडत होते म्हणून? झाशीच्या राणीनेसुद्धा १८५४ मध्ये जॉन लँग नावाच्या वकिलाला बोलावून आधी अर्जच केले होते. नानासाहेब पेशव्यांनी अझीमुल्ला खानला लंडनला पाठवलं होतं. तलवार नंतर आली.

दुसरा आक्षेप रयतेचा. राजा आला काय गेला काय, शेतकऱ्याला सारा भरावाच लागणार होता. हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि मी काही राजेशाहीचा समर्थक नाही. १९५० ला प्रजासत्ताक आलं, १९७१ ला तनखे गेले, चांगलंच झालं, कुणी आज कुठल्याही गादीच्या नावाने विशेष हक्क मागितला तर मी विरोधात उभा राहीन. प्रतापसिंहांच्या राज्यातही जात होती, वेठ होती, सगळं काही गुलाबी नव्हतं. पण सुनावणीशिवाय शिक्षा नको ही मागणी राजाने केली म्हणून ती रयतेची राहत नाही असं कसं म्हणता येईल? उलट ज्या राज्यात छत्रपतीला आरोपपत्राची नक्कल मिळत नाही त्या राज्यात कुळाला काय मिळणार होतं. आजसुद्धा एखाद्याचं घर, नोकरी, रेशन कार्ड नोटीस न देता जातं तेव्हा वकील कोर्टात जे पहिलं वाक्य बोलतो, की माझ्या अशिलाला म्हणणं मांडायची संधीच दिली नाही, ते रंगो बापूजी चौदा वर्षं बोलत होते.

एक विषय टाळून हा लेख पुरा होणार नाही, जातीचा. बाळाजीपंत नातूंचं नाव या प्रकरणात येतंच. कंपनीचा विश्वासू माणूस, जहागीर मिळालेला, आणि प्रतापसिंहांच्या विरोधात उभा राहिलेला. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धनही विरोधात. मागे वेदोक्ताचा वाद होता, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करायचा आणि क्षत्रिय म्हणवायचा मराठ्यांचा आणि प्रभूंचा हक्क, ज्याला सनातनी ब्राह्मणांचा विरोध होता आणि ज्यावर १८३० ला साताऱ्यात वादसभा झाली आणि महाराज त्यात ठामपणे हा हक्क मागणाऱ्यांच्या बाजूला होते. हा वाद पदच्युतीच्या राजकारणात मिसळला होता, हे लपवायचं काही कारण नाही आणि जे लपवतात ते इतिहासाशी बेइमानी करतात. पण अलीकडे हे प्रकरण निघालं की पाच मिनिटांत ते अमुक जात विरुद्ध तमुक जात असं होऊन जातं, आणि मुंबई सरकार, विलोबी, ओव्हान्स, कार्नॅक, ज्यांनी प्रत्यक्षात निर्णय घेतला, ते चर्चेतून गायबच होतात. कंपनीला यापेक्षा सोयीचं काय असणार? १८५७ मध्ये साताऱ्याच्या कटात पकडलेल्यांची नावं वाचा. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम आहे, केशव नीळकंठ चित्रे आहेत, म्हणजे प्रभू आहेत, आणि त्यांच्याबरोबर रामोशी आहेत, मांग आहेत. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्याच्या गेंडामाळावर अशा सतरा जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. राजघराण्यातल्या स्त्रिया आणि दत्तक वारस यांना त्याआधीच साताऱ्यातून हलवून मुंबईजवळच्या बुचर बेटावर आणि मग कराचीला पाठवलं होतं. एका जातीने राजाला बुडवलं आणि एका जातीने वाचवायचा प्रयत्न केला ही मांडणी त्या सतरा नावांसमोर टिकत नाही.

आणि १८५७ कडे येताना रंगो बापूजींचा प्रवास सोडून देऊ नका. १८५३ च्या अखेरीला ते लंडन सोडून परत निघाले, कर्जात बुडालेले, हाती काही न लागता. त्या वेळी नागपूर आणि झाशी खालसा व्हायच्या बेतात होती. ज्या माणसाने चौदा वर्षं कायद्याचा, तहाचा, पार्लमेंटचा दरवाजा ठोठावला तोच माणूस तीन-साडेतीन वर्षांनी माणसं जमवून कट करायला बसला. त्याला कुणी माथेफिरू म्हणू शकत नाही, त्याने आधी सगळे सभ्य मार्ग करून पाहिले होते आणि त्याची नोंद लंडनमध्येच छापील स्वरूपात पडलेली आहे. कट फुटला, ते ठाण्यापर्यंत आले होते असं सांगतात, आणि तिथून पुढे इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

आपल्याकडे गेंडामाळाची आठवण थोडीफार ठेवली जाते, चार भिंती या साताऱ्यातल्या हुतात्मा स्मारकावर लोक फिरायला जातात, हुतात्म्यांना अभिवादन होतं, ते व्हायलाच पाहिजे. पण आपण फक्त मरणाचा मान ठेवतो, त्याआधीच्या कामाचा ठेवत नाही. प्रतापसिंहांच्या रोजनिश्या, लंडनला छापलेली ती पत्रकं, भागधारकांच्या सभेतली भाषणं, हे सगळं मराठीत, सोप्या भाषेत, स्वस्तात मिळायला हवं, आणि सातारा जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत नववी-दहावीच्या मुलांना १८१९ चा तह आणि १८३९ चे आरोप समोर ठेवून विचारायला हवं की तुम्ही राजाचे वकील असता तर काय मांडलं असतं. त्यासाठी नवीन पुतळा लागत नाही, फार पैसाही लागत नाही. एखाद्या विद्यापीठाच्या मराठी आणि इतिहास विभागांनी मिळून दोन-तीन वर्षं मन लावलं तरी हे काम होण्यासारखं आहे.